मालक पुण्याचे, मैदान ब्लॅकबर्नचं

ईदची खरेदी आली की हल्ली आमच्या घरात एक ठरलेला वाद होतो. अम्मींना नातवंडांसाठी कुर्ता-पायजमा घ्यायचा असतो आणि नातवंडांना जर्सी हवी असते. मोहम्मद सलाहने लिव्हरपूलची लाल जर्सी आपल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यात पोहोचवली. तिच्या मागोमाग मँचेस्टर, आर्सेनल, माद्रिद असे सगळेच आले. ही शहरं कशी आहेत, तिथली माणसं काय करून पोट भरतात, असं विचारलं तर पोरं एकमेकांकडे बघतात. त्यांचा दोष नाही. टीव्हीवर गाव दिसत नाही, फक्त हिरवळ दिसते.

मला ज्या क्लबविषयी लिहायचं आहे त्याची जर्सी उभी अर्धी निळी, अर्धी पांढरी असते. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर ती मला आजवर एकदाही दिसलेली नाही. गंमत अशी की त्या क्लबचे मालक पुण्याचेच आहेत. सिंहगड रस्त्यावर त्यांचं मुख्य कार्यालय आहे आणि त्यांच्या कोंबडीची पाकिटं तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या फ्रीजमध्ये असतील. क्लबचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स. इंग्लंडच्या वायव्येला लँकशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचं गाव आहे, तिथला हा क्लब. माझी खाला लग्न होऊन १९६८ मध्ये त्या गावी गेली. तिची मुलं-नातवंडं आता तिथलीच. म्हणजे या क्लबची दोन्ही टोकं मला थोडी थोडी ठाऊक आहेत, म्हणून हे लिहायचं धाडस.

ब्लॅकबर्न हे कापडाचं गाव. सूत काढणारं 'स्पिनिंग जेनी' हे यंत्र बनवणारा जेम्स हारग्रीव्ह्ज याच भागातला. पुढे गावात इतके माग झाले की घरटी कोणी ना कोणी गिरणीत असेच. आणि तिथे विणलं काय जायचं? आपली धोतरं! हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतराचं कापड विणणं हा ब्लॅकबर्नचा मोठा धंदा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडून येणारा कापूस बंद झाला. लँकशायरच्या गिरण्या थंडावल्या, कामगारांवर उपासमारीची वेळ आली आणि त्याच वेळी मुंबईतल्या कापूस व्यापाऱ्यांनी अफाट पैसा केला. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम वाट वाकडी करून लँकशायरला गेले. ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेन गावात गिरणीतल्या बायकांच्या गराड्यात ते उभे आहेत, असा फोटो तुम्ही पाहिला असेल. परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ याच बायकांच्या घरांना लागलेली होती आणि त्याच बायका हसून त्यांचं स्वागत करताहेत. त्या फोटोचं मला नेहमी नवल वाटतं.

फुटबॉल क्लब निघाला तो याच गिरण्यांच्या धुरात, पण गिरणी कामगारांनी काढलेला नव्हे. ५ नोव्हेंबर १८७५ रोजी सेंट लेजर हॉटेलात गावातली सतरा तरुण मंडळी जमली. जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन या दोघांनी बोलावलेली ही बैठक. चांगल्या शाळांत शिकलेली, खात्यापित्या घरची मुलं होती ती. फुटबॉल तेव्हा एकूणच सुखवस्तू लोकांचा खेळ. देशाच्या मुख्य स्पर्धेत, म्हणजे एफए कपात, लंडनकडच्या साहेब लोकांच्या संघांचीच चलती होती. १८८२ मध्ये रोव्हर्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि ओल्ड इटोनियन्सकडून, म्हणजे इटनच्या श्रीमंत शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडून, एका गोलने हरले.

पुढच्याच वर्षी त्याच इटोनियन्सना हरवून कप ब्लॅकबर्नला आला, पण तो आणला गावातल्या दुसऱ्या संघाने. ब्लॅकबर्न ऑलिंपिक हे त्याचं नाव. त्यात विणकर होते, सूत काढणारे होते, प्लंबर होते. एका ओतशाळेच्या मालकाने पैसे घातले आणि सामन्याआधी संघाला समुद्रकाठी ब्लॅकपूलला सरावासाठी नेलं. कामगारांनी साहेबांना मैदानात हरवलं, ही गोष्ट त्या देशाच्या खेळाच्या इतिहासात आजही सांगितली जाते. ऑलिंपिक मात्र सहा वर्षांत पैशाअभावी बंद पडला. रोव्हर्स टिकले, कारण गावातला पैसा आणि गावातला घाम दोन्ही त्यांच्याकडे वळले. १८८४, १८८५, १८८६ असे लागोपाठ तीन वर्षं त्यांनी एफए कप जिंकला.

यामागे एक भांडण होतं, ते आजही ओळखीचं वाटेल. खेळण्याचे पैसे घ्यावेत की नाही? साहेब म्हणायचे, खेळ हौसेचा, पैसा आला की तो बाटतो. ज्यांच्या घरी जमीनजुमला आहे त्यांना असं म्हणणं सोपं असतं. शनिवारची अर्धी सुट्टी सोडली तर गिरणीवाल्याला उसंत नव्हती आणि सामन्यासाठी रजा घ्यायची तर मजुरी बुडायची. लँकशायरचे क्लब मग लपूनछपून पैसे द्यायचे. फर्गस सूटर नावाचा स्कॉटलंडचा गवंडी आधी डार्वेनकडे खेळायला आला, मग १८८० मध्ये रोव्हर्सकडे गेला. तो निव्वळ हवापालटासाठी आला असेल असं कोणालाच वाटलं नाही. शेवटी १८८५ मध्ये पैसे देणं अधिकृत झालं. तीन वर्षांनी बारा क्लबांनी मिळून लीग सुरू केली, त्या बारांत रोव्हर्स होते. पुढे १९९२ मध्ये प्रीमियर लीग निघाली तेव्हाही ते होते. दोन्हींच्या स्थापनेला हजर असलेले क्लब इंग्लंडमध्ये तीनच, बाकीचे दोन ॲस्टन व्हिला आणि एव्हर्टन. १८९० पासून क्लबचं घर एकच आहे, यूड पार्क. आणि छातीवरचं लॅटिन ब्रीदवाक्यही गावाचंच. अर्थ असा की कसब आणि कष्ट यांच्या बळावर.

कसब आणि कष्ट! हे दोन शब्द वाचले की मला आमचे मरहूम खालू आठवतात. त्यांचं घराणं भरूचकडचं. १९६४ मध्ये ते ब्लॅकबर्नला गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या गिरण्यांना माणसं मिळेनात. महागडी नवी यंत्रं रात्रंदिवस चालवायची होती आणि रात्रपाळी गोऱ्या कामगारांना नको होती. ती जागा गुजरातच्या आणि पाकिस्तानच्या माणसांनी भरली. ज्या गावाने आमची धोतरं विणली, त्या गावाला अखेरच्या काळात माग चालवायलाही आमचीच माणसं लागली. खालू पंधरा वर्षं रात्रपाळीत होते. मग एकेक गिरणी बंद होत गेली आणि त्यांनी किराण्याचं छोटं दुकान टाकलं.

यूड पार्कला ते कधीच गेले नाहीत. खेळाची आवड नव्हती असं नाही. क्रिकेटचा स्कोअर ते रात्री दोनला उठून रेडिओवर ऐकायचे. पण शनिवारी दुपारी मैदानाकडच्या बोल्टन रोडवर फिरकायचं नाही, हा घरचा नियमच होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्लंडभर फुटबॉलच्या गर्दीत काळ्या-सावळ्या माणसाला काय ऐकावं लागे, हे आता पुस्तकांतही लिहून झालं आहे. १९७६ मध्ये तर ब्लॅकबर्नच्या नगरपालिकेत बाहेरून आलेल्यांना हाकलून लावा म्हणणाऱ्या पक्षाचे दोन जण निवडून आले होते. त्या दिवसांविषयी खाला जास्त बोलत नाही. "दुकानाची काच बदलायचा खर्च आम्ही महिन्याच्या हिशेबात धरायचो," एवढंच म्हणते.

क्लबचेही दिवस तेव्हा वाईटच होते. खालू पोहोचल्यावर दोनच वर्षांत, १९६६ मध्ये, रोव्हर्स पहिल्या श्रेणीतून खाली घसरले आणि सव्वीस वर्षं वर आले नाहीत. मधली काही वर्षं तर तिसऱ्या श्रेणीत गेली. गिरण्या बंद, क्लब खाली, गाव उदास. गोरे आणि आम्ही एकाच बुडत्या नावेत बसलो होतो, पण दोन टोकांना पाठ करून, असं खालेचा थोरला मुलगा म्हणतो. त्याला मी भाईजान म्हणते. तो १९७१ मध्ये तिथेच जन्मला आणि आमच्या खानदानातला पहिला रोव्हर्सवाला.

त्याला रोव्हर्सवाला केलं जॅक वॉकरने. वॉकर ब्लॅकबर्नचाच. वडिलांचा पत्र्याच्या कामाचा धंदा भावाबरोबर वाढवत वाढवत त्याने पोलादाचं मोठं साम्राज्य उभं केलं आणि १९८९ मध्ये ते ब्रिटिश स्टीलला तीस कोटी पौंडांहून अधिक रकमेला विकलं. मग १९९१ मध्ये लहानपणापासून आवडणारा आपल्या गावचा क्लब हाती घेतला. लिव्हरपूलला विजेतेपदं मिळवून दिलेला केनी डॅलग्लिश दुसऱ्या श्रेणीतल्या रोव्हर्सचा मॅनेजर व्हायला आला, तेव्हा लोकांना ही थट्टाच वाटली. १९९२ मध्ये क्लब वर आला. ॲलन शिअररला त्या वेळच्या विक्रमी किमतीला घेतलं. मैदानाच्या तीन बाजू पाडून नव्या बांधल्या.

१४ मे १९९५ हा दिवस भाईजान तारखेसकट सांगतो. हंगामाचा शेवटचा सामना, तोही लिव्हरपूलच्या मैदानावर. रोव्हर्स जिंकले तर विजेते, नाहीतर सगळं मँचेस्टर युनायटेडच्या निकालावर. शिअररने गोल केला. मग लिव्हरपूलने बरोबरी साधली आणि अगदी शेवटी आणखी एक गोल मारला. रोव्हर्स हरले. आणि तेवढ्यात लंडनहून बातमी आली की युनायटेडचा सामना बरोबरीत सुटला! ८९ गुण विरुद्ध ८८. हरलेला संघ विजेता ठरला आणि लिव्हरपूलचं मैदानही टाळ्या वाजवत होतं, कारण डॅलग्लिश त्यांचाच. याआधी रोव्हर्सने लीग जिंकली होती ती १९१४ मध्ये. भाईजान त्या संध्याकाळी पहिल्यांदा गावच्या गर्दीत शिरला, ओळखपाळख नसलेल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली आणि दोघंही रडले. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा खालू म्हणाले, "गर्दीत पाकीट सांभाळलंस ना?"

त्या वर्षीच्या जर्सीची एक गोष्ट सांगायलाच हवी. छातीवर मोठ्या अक्षरांत एका बिअरचं नाव होतं. भाईजानने पगारातून ती जर्सी आणली. खालेने काही न बोलता तिच्यावर निळ्या-पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली. ती घरी मशीनवर कपडे शिवून संसाराला हातभार लावायची, त्यामुळे पट्टी अशी बेमालूम बसली की लांबून कळतही नसे. कोणी म्हणेल, एवढं काय त्यात. मला मात्र खालेचं पटतं. मुलाचं प्रेम मोडायचं नाही आणि दारूची जाहिरातही घरात लटकू द्यायची नाही, यातून बाईने सुई-दोऱ्याने वाट काढली. आता बिअरची जागा सट्ट्याने घेतली आहे. रोव्हर्स आज ज्या दुसऱ्या श्रेणीत खेळतात, त्या स्पर्धेच्या नावातच २०१३ पासून एका सट्टेबाज कंपनीचं नाव आहे. तिथे पट्टी कुठे शिवणार? आपल्या घरांत जर्सी येते तेव्हा पालकांनी तिच्यावर काय लिहिलंय हे एकदा वाचावं, एवढं मला जाता जाता म्हणावंसं वाटतं. बहुतेक जण फक्त पाठीवरचं नाव वाचतात.

वैभव फार टिकलं नाही. १९९६ मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला. १९९९ मध्ये संघ पुन्हा खाली गेला. २००० च्या ऑगस्टमध्ये वॉकर वारला. पुढच्या वर्षी संघ वर आला, पण ते पाहायला तो नव्हता. मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. त्यानंतरची दहा वर्षं बरी गेली. तुर्कस्तानचा तुगाय याच काळात आला आणि आठ वर्षं राहिला. मधल्या फळीत शांतपणे चेंडू वाटणारा हा माणूस २००९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं होतं. भाईजानच्या घरी रोव्हर्सचा एकच फोटो भिंतीवर आहे. तो शिअररचा नाही, तुगायचा आहे.

आणि मग पुणं आलं. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजच्या मालक राव कुटुंबाने वॉकरच्या वारसांच्या विश्वस्तांकडून क्लब विकत घेतला. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतला क्लब हिंदुस्थानी कंपनीच्या हाती जाण्याची ही पहिलीच वेळ. भाईजानने आनंदाने मला फोन केला. "तुझ्या पुण्याने आमचा क्लब घेतला!" त्याला वाटलं होतं, आता तरी आपल्यासारख्या चेहऱ्याची माणसं मैदानातल्या मानाच्या खुर्च्यांवर दिसतील आणि बाकीच्यांनाही आपण उपरे वाटणार नाही.

घडलं उलट. महिन्याभरातच अनुभवी मॅनेजर सॅम ॲलरडाइसला काढलं. त्याच्या जागी आलेल्या स्टीव्ह कीनच्या हाताखाली संघ घसरत गेला. लोक दर सामन्याला निषेध करू लागले. ७ मे २०१२ च्या संध्याकाळी, विगनविरुद्धच्या सामन्यात, कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. संघ हरला आणि अकरा वर्षांनी पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला. २०१७ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब एवढा खाली जाण्याचा प्रकार तोवर घडला नव्हता. पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या श्रेणीत परतला, तिथून वर मात्र अजून गेलेला नाही.

मालकांच्या बाजूनेही सांगायला हवं. त्यांनी क्लब सोडून दिला नाही. वर्षानुवर्षं तोटा होत असताना पुण्याहून पैसा जात राहिला. अलीकडे इथल्या एका चौकशीमुळे तो पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागायची, तीही त्यांनी घेतली. पण लोकांची तक्रार पैशाची नव्हतीच. मालक मैदानावर दिसत नाहीत, बोलत नाहीत, विचारत नाहीत, ही होती.

भाईजानला या सगळ्याचा जो त्रास झाला, तो इतर चाहत्यांना झाला नसेल. संघ हरल्याचं दुःख त्यालाही तेवढंच होतं. पण कामाच्या ठिकाणी सोमवारी कोणीतरी म्हणायचं, "तुमच्या लोकांनी आमचा क्लब बुडवला." तुमचे लोक! भाईजानचा जन्म ब्लॅकबर्नचा, बापाचं घराणं भरूचचं. पुण्यातल्या त्या कंपनीशी त्याचा संबंध एवढाच की मावसबहीण त्या शहरात राहते. ज्या मालकीमुळे आपण आत घेतले जाऊ असं त्याला वाटलं होतं, त्याच मालकीने तो पुन्हा दाराबाहेर उभा राहिला. त्याने सीझन तिकीट मात्र सोडलं नाही. "मी सोडलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, गेला," हे त्याचं कारण.

मालकी म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. आपल्याकडे वक्फची जमीन असते. तिचा मुतवल्ली असतो. कागदावर सही त्याची, किल्ल्या त्याच्याकडे, हिशेब त्याचा. पण जागा त्याची नसते आणि हे त्याने विसरलं की काय होतं ते आपण गावोगाव पाहतो. क्लबचं मला तसंच वाटतं. कायद्याने तो विकत घेता येतो, कंपनीचे शेअर असतात. पण १८७५ पासून ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी शनिवारची अर्धी सुट्टी तिथे घालवली, ती जमात कुठल्याच खरेदीखतात येत नाही. पुण्याच्या मालकांना कोंबडीचा धंदा कळतो यात शंका नाही. मुतवल्लीपण कळायला मात्र दर शनिवारी जमातीत येऊन बसावं लागतं.

पण इथे दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तो ब्लॅकबर्नच्या गोऱ्या चाहत्यांनाही विचारायला हवा. जमात म्हणजे कोण? २०२१ च्या जनगणनेत ब्लॅकबर्न-डार्वेनची सुमारे ३५ टक्के वस्ती मुसलमानांची निघाली. दर तीन माणसांत एक. यूड पार्कच्या खुर्च्यांवर मात्र हे प्रमाण कधीच दिसलं नाही. मालक परगावचा म्हणून ओरडणारं मैदान आपल्याच गावच्या एक तृतीयांश लोकांना किती काळ परगावचं समजत होतं, याचा हिशेब कोणी मागितला नव्हता.

क्लबमधल्या काही माणसांनी तो स्वतःहून मांडला, हे त्यांचं श्रेय. २ मे २०२२, ईदुल फित्रचा दिवस, सोमवार आणि तिकडची सुट्टी. त्या सकाळी यूड पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज झाली. इंग्लंडमधल्या एखाद्या फुटबॉल क्लबने आपल्या मैदानावर ईदची नमाज ठेवण्याची ही पहिलीच वेळ. शेकडो लोक आले. बायका आणि मुलंही आली. त्या वर्षी बकरीदचीही नमाज तिथे झाली. पुढे इतर काही क्लबांनीही ईद-इफ्तारसाठी दारं उघडली.

त्या दिवशी खाला शहात्तर वर्षांची होती. भाईजानने तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं. खालू तर आधीच अल्लाहला प्यारे झाले होते. रात्री व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, कसं वाटलं? मला वाटलं होतं ती नमाजीविषयी, दुआविषयी बोलेल. ती म्हणाली, "अगं, आत एवढी जागा आहे! बाहेरून भिंतच दिसायची." चौपन्न वर्षं त्या गावात काढून ती पहिल्यांदा आत गेली होती. मग थोडं थांबून म्हणाली, "तुझे खालू पहिल्या सफेत बसले असते."

एका नमाजीने सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. तसं झालेलं नाही. खुर्च्या विकत घ्याव्या लागतात, त्यांना पैसे लागतात आणि दुकान-टॅक्सीवाल्यांचा शनिवार कामात जातो. आणि ज्यांनी त्या दिवशी आत पाऊल टाकलं त्यांच्यासाठी क्लबनेच काही दारं पुढे लावूनही घेतली. भाईजानची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. हिजाब घालून फुटबॉल खेळते. २०१४ पासून जागतिक संघटनेच्या नियमांत डोकं झाकून खेळायला परवानगी आहे, त्यामुळे त्यावर घरी किंवा मैदानात कधी चर्चाच झाली नाही. तिची नजर रोव्हर्सच्या मुलींच्या संघावर होती आणि का नसावी? इंग्लंडला २०२२ मध्ये युरोपचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातल्या कीरा वॉल्श, एला टून, जॉर्जिया स्टॅनवे या तिघीही रोव्हर्समध्येच घडलेल्या. २०२५ च्या उन्हाळ्यात क्लबने खर्च झेपत नाही म्हणून महिला संघ वरच्या स्पर्धेतून काढून घेतला. त्या आठवड्यात पोरीने मला एकच मेसेज पाठवला. "फुफी, सिंहगड रस्ता तुमच्या घरापासून किती लांब आहे?" मी तिला खरं अंतर कळवलं. त्यावर तिचं उत्तर आलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लबला दीडशे वर्षं पूर्ण झाली.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये एका लग्नासाठी मी ब्लॅकबर्नला गेले, तेव्हा भाईजानबरोबर एक सामना पाहिला. थंडी अशी की बोटं बधीर व्हावीत. आमच्या रांगेत एक निवृत्त पोस्टमन बसतो. त्याने न विचारता आपल्या थर्मासमधला चहा मला दिला आणि पहिली पंधरा मिनिटं मालकांना शिव्या दिल्या. मी पुण्याची आहे हे भाईजानने त्याला सांगितलं नाही. मीही नाही.

सामना तीनला सुरू होतो. डिसेंबरमध्ये तिथे सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे मगरिबची वेळ बरोबर मध्यंतरात येते. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. यूड पार्कला सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी प्रार्थनेची एक खोली आहे. शिट्टी वाजली की एक लोंढा चहा-पायकडे धावतो, एक स्वच्छतागृहाकडे आणि एक छोटा लोंढा त्या खोलीकडे. भाईजान आधीच वजू करून येतो, म्हणून शेवटची दोन मिनिटं तो खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. शिट्टी वाजली तसा तो उठला. पोस्टमनने पाय आखडून वाट दिली आणि म्हणाला, "लवकर ये, आणि एक गोलही मागून घे." भाईजान परतला तेव्हा दुसरा डाव सुरू झाला होता आणि कॉर्नर मिळाला होता रोव्हर्सला.